दुसरं संत्रं

चि. मिलिंद आणि चि. शैला,

तुम्हा दोघा भावंडांना हे एकच पत्र आहे. कार्बन घालून दोन प्रती काढल्या आहेत, म्हणजे कोणी आधी वाचायचं यावरून तिकडे भांडण नको.

परतवाड्याची आजी गेली, हे तुमच्या आईने कळवलंच असेल. परवा तिची तेरवी झाली. काल संध्याकाळी मी अमरावतीला परतले, तर टेबलावर मिलिंदचं पत्र येऊन पडलं होतं. शैलाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. मिलिंदच्या वस्तीतली मंडळी मिळून घरगुती पदार्थांचं एक छोटं पुस्तक छापणार आहेत. त्यात तो माझं संत्र्याचं कॉकटेल देणार आहे, 'आजीचं बेरार ऑरेंज' या नावाने. त्याने मला दोन गोष्टी विचारल्या आहेत. हे पेय मला कसं सुचलं, ते चार ओळींत लिहून हवं आहे. आणि माझ्या वहीत लिहिलंय तसं औंसावर मोजून केलं, तरी परदेशी जाण्याआधी माझ्या घरी प्यायलेल्या पेल्यासारखं ते होत नाही, तर काय राहून जातं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला माहीत आहे. पण ते आधी जिला सांगायला हवं होतं तिला मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत सांगितलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला मी कधी पत्रही लिहिलं नाही. आज लिहिते. तुम्ही शेजारी बसून ऐकता आहात असं समजा, आणि मध्ये बोलू नका.

अंसा,

तुझ्या तेरवीला माणसं किती होती, ते मी मोजायला लागले होते. तिसरी पंगत उठल्यावर सोडून दिलं. भातकुलीहून तुझं सगळं माहेर आलं होतं. वलगावची माणसं होती, परतवाड्याच्या बाजारातल्या भाजीवाल्या होत्या, आणि मला मुळीच ओळखता न येणारी कितीतरी. एक बाई माझ्या शेजारी बसून पुष्कळ रडली, नाक पुसलं आणि मग मला विचारते, "तुमी कोन त्यायच्या?"

"मोठी जाऊ."

"म्हंजे अकोल्याच्या इंग्रजीवाल्या बाई? लय सांगे अनसूयाबाई तुमच्याबद्दल."

काय सांगत होतीस, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. यांच्या तेरवीला याच्या निम्मी माणसं नव्हती. माझ्याही नसतील. हे मी तुझं कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते आहे.

मुलांसाठी थोडं मागचं सांगावं लागेल, तू थांब जरा. मुलांनो, बेरार तेव्हा मध्यप्रांतात होता आणि तुमचे आजोबा अकोल्याला शेतकी खात्यात होते. त्यांचे धाकटे भाऊ परतवाड्याला घरचा संत्र्यांचा मळा पाहत, आणि अनसूया ही त्यांची बायको. मी अमरावतीच्या मिशनच्या शाळेतून मॅट्रिक झालेली, ती भातकुलीच्या भाजीचा मळा करणाऱ्या घरातली. सासूबाई आमच्याकडे अकोल्याला असत. त्या माळकरी होत्या.

तर अंसा, तो हिवाळा आठव. यांच्या वरचा साहेब आणि त्याची मडम आपल्याकडे जेवायला यायचे होते. साहेबाला जेवणाआधी एक पेला लागतो, हे सगळ्या अकोल्याला ठाऊक होतं. इतर लोक अशा वेळी क्लबातला खानसामा बोलावत. मी म्हटलं, काही गरज नाही, मी करीन. मुंबईहून पुस्तक मागवलं. त्यात प्रत्येक पेयाला औंस दिलेले होते, किती वेळ हलवायचं ते दिलेलं होतं. मला ते पुस्तक फार आवडलं. जगात जे काही आहे ते असं लिहून ठेवलेलं असावं, असं मला तेव्हा वाटे. अजूनही वाटतं.

सासूबाईंनी परवानगी दिली, पण अट घातली. "त्या शिशा ओसरीच्या आत नाई आल्या पाह्यजे. आन् शिशीले हात लावला त न्हाऊनच चुलीपाशी ये." म्हणून ओसरीवर वेगळं टेबल, वेगळे पेले, ते घासायला वेगळी राख. आदल्या दुपारी मी तिथे तालीम करत होते, तेव्हा तू परतवाड्याहून संत्र्यांच्या दोन करंड्या घेऊन उतरलीस. पायरीवर बसून पाय धुतलेस आणि माझ्याकडे पाहत राहिलीस.

"बाई, हे काय करून राहिल्या?"

"कॉकटेल."

"थे काय असते?"

"दारूत फळाचा रस घालतात. बर्फ घालून हलवतात."

"मंग साहेबाचं पन्हं म्हना न."

त्या दिवसापासून घरात त्याला तेच नाव पडलं. मी पुस्तकातलं नाव दहादा सांगितलं, 'ऑरेंज ब्लॉसम', पण सासूबाईसुद्धा 'साहेबाचं पन्हं'च म्हणायला लागल्या.

मी हलवायला फिरकीचा तांब्या घेतला होता, झाकण घट्ट बसतं म्हणून. तू तो हातात घेतलास, झाकण उघडून आत पाहिलंस. "आंबट पितळेत काहून ओतलं? कल्हई गेली याची. कळकन ते."

"दोनच मिनिटं हलवायचं आहे."

"कळकाले दोन मिन्टं लय झाले."

मग पेल्याचा तळ पाहिलास. "साखर तशीच बसून राहिली. पाक नाई केला?"

"पुस्तकात साखर लिहिली आहे."

"पुस्तकवाल्याले पाक येत नसन."

आणि मग तू पेला नाकाशी नेलास आणि तुझा चेहरा बदलला. पुस्तकात बिटर्सचे चार थेंब लिहिले होते. अकोल्याच्या बाजारात बिटर्स कुठून मिळणार? शब्दकोशात पाहिलं, कडू. घरात कडू एकच होतं. मी विचार करून, मोजून, चार थेंब काडेचिराइताचा काढा घातला होता.

"बाई," तू म्हणालीस, "साहेबाले ताप आहे का?"

तू मला हसली नाहीस, त्या पेल्याला हसलीस. यात फरक आहे, आणि तो मला तेव्हाही कळला होता. पण राग यायचा तो आलाच. पंधरा दिवस मी त्या पुस्तकाची पानं खुणा करून वाचली होती, आणि तू पाय धुवायच्या वेळात तीन चुका काढल्यास.

मग तू पदर खोचलास. पाण्यासारखा पातळ पाक केलास, तो मात्र चुलीवर, शिशीला हात लावण्याआधी. माझ्या उटण्यासाठी वाळत घातलेल्या संत्र्याच्या साली कुटून जिनमध्ये भिजत घातल्यास, आणि त्यात चिराइताची काडी नुसती बुडवून काढलीस. हलवायला लोणच्याची रिकामी बरणी घेतलीस, ओल्या फडक्यात गुंडाळून. बर्फ दुसऱ्या दिवशी स्टेशनवरून भुशातून यायचा होता, म्हणून त्या दिवशी बर्फाशिवायच करून पाहिलं. मी म्हटलं, "पण बरोबर झालं की नाही हे कळणार कसं? आपण काही तोंडाला लावणार नाही."

"नैवेद्य कोन चाखून करते, बाई? नाकानं करा."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोनाच्या नैवेद्याचं बोलून राहिल्या व?"

"देवाच्याच न, आत्याबाई!" तू ओरडून सांगितलंस आणि पदर तोंडात कोंबून हसत बसलीस. मला असं पटकन, असं हलकं खोटं कधी बोलता आलं नाही. मी खोटं बोलले ते वेगळं. त्याचंच सांगते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब आले. तू करत होतीस, दाराआड, ओसरीवरच. पुरुषांसमोर, त्यातून गोऱ्या पुरुषांसमोर, तू येणं शक्य नव्हतं, आणि कोणी तुला ये असं म्हटलंही नाही. तबक मी नेलं. मडमेने एक घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. साहेब म्हणाले, असं क्लबातही मिळत नाही. आणि मडमेने मला विचारलं, हे तुम्ही स्वतः केलंत?

मी म्हटलं, "यस."

एकच शब्द. तो म्हणताना मी दाराकडे पाहिलं नाही. दाराआड तुझ्या बांगड्या वाजायच्या थांबल्या, एवढं ऐकलं. यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेल्यात पाहिलं.

जेवणं झाल्यावर आपण पेले राखेने घासत बसलो होतो. तू विचारलंस, "त्या मडमेनं काय इचारलं होतं?"

मी म्हटलं, "बर्फ कुठून आणला म्हणून विचारलं."

तू पेला पाण्यातून काढलास, उलटा ठेवलास. "आन् तुमी यस म्हनलं?"

मी पुढचा पेला राखेत घातला. तू पुन्हा विचारलं नाहीस.

त्यानंतर अकोल्यात माझं नाव झालं. साहेब बदलले, नवे आले, त्यांच्यापर्यंतही ते पोहोचलेलं असे. कोणी जेवायला यायचं ठरलं की हे परतवाड्याला निरोप धाडत, "अंसाला चार दिवस पाठव." मला विचारतही नसत. तू संत्र्यांच्या करंडीसकट येत असस, आणि सासूबाईंच्या तोंडावर असा आनंद फुटे की मी दोन महिने त्यांचे पाय चेपले होते याचा त्यांना विसर पडे. तू आलीस की घरात आवाज वाढे. हे जेवताना हसत. मी केलेल्या कशाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, हे खरं. एकदा मी हट्टाने विचारलं. तेव्हा मीही पाक करायला शिकले होते, बरणी वापरत होते, सालीचा अर्क तुझ्यासारखाच घालत होते. मी म्हटलं, "आजचं मी केलंय. कसं आहे?"

"बरोबर आहे," हे म्हणाले.

"आणि तिचं?"

त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तिचं संपलं की वाईट वाटतं."

या वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं चिडून होते. तुझ्यावर, यांच्यावर नाही. नवऱ्यावर चिडायचं मला शिकवलेलं नव्हतं, जावेवर चिडायला कोणाची शिकवण लागत नाही.

एक दुपार तुला आठवत असेल. सासूबाई झोपल्या होत्या. मी ओसरीवर दोन वाट्या मांडल्या, एकीत माझं, एकीत तू सकाळी करून ठेवलेलं. मला काय कमी पडतं ते पाहायचं होतं. नाकाने मला कळत नव्हतं, म्हणून मी चमचा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा दारू तोंडात घातली. माझं गोड होतं, आंबट होतं, थोडं कडू होतं, जे जे हवं ते सगळं होतं. तुझं घेतलं, आणि झाडाखाली उभं राहून कोणी डोळ्यासमोर साल पिळावी तसं झालं. डोळ्यांत पाणी आलं. दुसरा चमचा घेत होते तेव्हा तू मागे उभी होतीस.

"अगं माय! बाईनं नैवेद्य उष्टा केला!"

मी तुझा हात धरला. सासूबाईंना कळलं असतं तर त्या आमच्या घरचं पाणी न पिता परतवाड्याला निघून गेल्या असत्या, आणि यांनी आईसाठी मला काय काय ऐकवलं असतं कोण जाणे. तू माझा हात सोडवलास, दोन्ही वाट्या उचलून मोरीत ओतल्यास, आणि मला बडीशेप आणून दिलीस. कधी, कोणालाही सांगितलं नाहीस. सासूबाईंना नाही, आपल्या नवऱ्यालाही नाही, चेष्टेतसुद्धा नाही. मी तुझी उपकृत झाले. उपकृत माणसाचा मत्सर किती वाईट असतो, हे तुला कळलं नसेल. तू कधी कोणाचा केला नाहीस, आणि मला तेही सहन होत नव्हतं.

काय कमी पडतं ते मात्र त्या दुपारी मला कळलं. मग मी तुझ्या हातांवर पाळत ठेवली. तू दोन संत्री घेत होतीस. एक पिकलेलं, सैल सालीचं, रसासाठी. दुसरं देठाशी हिरवट राहिलेलं, घट्ट सालीचं. त्या दुसऱ्याचा रस तू काढतच नव्हतीस. त्याची बोटभर साल काढायची, पेला भरला की त्याच्यावर धरून पिळायची, तिचं तेल वर पडलं की तीच साल पेल्याच्या कडेवरून फिरवायची. बास. करंडीतून ते दुसरं संत्रं निवडायला तुला वेळ लागे. एकेक नाकाशी नेऊन परत ठेवत असस. मला वाटायचं, तू खेळते आहेस.

मीही तसं करून पाहिलं. हिरवट संत्रं घेतलं, साल पिळली. कधी उग्र झालं, कधी नुसताच पाला चुरल्यासारखा वास आला. कोणतं घ्यायचं हे मला कधी ओळखता आलं नाही, आणि तुला विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं.

एकदा तू सालीच्या अर्काची बाटली माझ्यापुढे केलीस. लोणच्या-औषधांच्या बाटल्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवत होते. तू म्हणालीस, "याच्यावर माहं नाव लिहा न, बाई. पाहू द्या कसं दिसते."

"बाटलीवर वस्तूचं नाव लिहितात, अंसा. माणसाचं नाही."

"असं आहे का," तू म्हणालीस. मी लिहिलं, 'संत्र्याच्या सालीचा अर्क'. सुंदर अक्षरात. ती अक्षरं तू बोटाने चाचपून पाहिलीस आणि म्हणालीस, "लय लांब आहे व नाव." दोन मिनिटांचं काम होतं. चार अक्षरं. मी तुला लिहायला शिकवीन, असं तुझ्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाईंसमोर म्हटलं होतं. ते कधी सुरूही केलं नाही. तुझ्याकडे एवढं सगळं असताना अक्षरं तेवढी माझी राहू देत, असं मला वाटत असावं. 'असावं' कशाला म्हणू? वाटत होतं.

मग इंग्रज गेले, बेरारचं नाव नकाशावरून गेलं, सासूबाई गेल्या. त्या तुझ्याकडे परतवाड्याला गेल्या, शेवटचं पाणी तुझ्या हातचं. आम्ही अमरावतीला घर बांधलं. यांच्याकडे दारूचं परमिट होतं, वर्षातून दोन-तीनदा घरच्या घरी पेला होई, आणि त्या वेळी तू यायचीस. मी एका वहीत सगळ्या कृती नीट लिहून काढल्या. त्यात ही पण लिहिली. जिन दोन औंस, रस दीड औंस, लिंबू, पाक, अर्क. हलवायला चिनी मातीची बरणी, पितळ नको, हेसुद्धा लिहिलं. आणि लिहिलं, 'संत्रं: एक'.

मिलिंद, तुला हवं ते इथे आहे. मी विसरले नव्हते. दुसरं संत्रं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याने विचारलं असतं, ते कसं ओळखायचं? आणि मग मला म्हणावं लागलं असतं, हिला विचारा. ते म्हणायला लागू नये म्हणून मी माझ्या वहीत मुद्दाम चूक लिहिली. साऱ्या वहीत तेवढी एकच चूक आहे. वहीच्या पहिल्या पानावर माझं नाव आहे.

अंसा, हा मिलिंद परदेशी जायच्या आधी सगळे जमले होते, तेव्हा तू मागच्या अंगणात बसून करत होतीस. तो तुझ्याकडे आला होता. "आजी, एवढ्या साली काढून काय करता?" "तुह्यासाठी हार करून राहिली," तू म्हणालीस. तो हसला आणि निघून आला. तबक मीच आणलं. पहिला घोट घेऊन तो माझ्या गळ्यात पडला. "आजी, काय हात आहे तुझा!" तू दारात उभी होतीस. आता दारात यायला तुला कोणाची मनाई नव्हती. तू पुढे येऊन म्हणू शकली असतीस. मी वाट पाहिली, खरंच पाहिली. तू म्हणालीस, "त्याले अजून द्या व बाई, पोरगं दूर चाललं."

हे गेले त्याची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांना अन्न जात नव्हतं. एका दुपारी म्हणाले, साहेबाचं पन्हं घ्यावंसं वाटतं. डॉक्टर म्हणाले, द्या चमचाभर, आता काय. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, मला दुखवायचं नाही म्हणून. पण मला ते ऐकू आलं. परतवाड्याला निरोप पाठवला असता तर तू संध्याकाळपर्यंत आली असतीस. मी पाठवला नाही. मी केलं. दोन संत्री घेतली, साल पिळली, सगळं केलं, आणि चमचा त्यांच्या ओठांना लावला.

"बरोबर आहे," हे म्हणाले. आणि माझ्या हातावर थोपटलं.

यासाठी तू मला क्षमा करावीस असं मी म्हणत नाही. त्यांनी केली असेल तर पुरे.

गेल्या महिन्यात तुला इथे अमरावतीच्या दवाखान्यात आणलं. सुमन तुझ्या उशाशी होती, तुझी मुलगी, माझ्या मुलांपेक्षा आईजवळ जास्त राहिलेली. मी संत्री घेऊन आले होते. तू एक हातात घेतलंस, नाकाशी धरलंस, आणि बराच वेळ तसंच धरून राहिलीस.

"मले आता वासच येत नाई, बाई," तू म्हणालीस. "या औषधानं काय केलं कोन जाने. तुमी पाहा न. सांगा कसं आहे."

मी ते घेतलं. हुंगलं. इतकी वर्षं मी इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाचते. मी शब्द शोधत होते आणि तू माझ्या तोंडाकडे पाहत होतीस.

"संत्र्यासारखं," मी म्हटलं.

तू इतकी हसलीस की सुमनला तुला उठवून बसवावं लागलं. "तशाच राहिल्या व तुमी!" खोकत खोकत म्हणालीस. मग शांत झालीस. म्हणालीस, "तुमचा मिलिंद तिकडं करते म्हने साहेबाचं पन्हं. तुमच्या वहीतून."

"करतो."

"आन् बर्फ कुठून आनते तो?"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. चादरीची घडी नीट करत होतीस. सुमन म्हणाली, "आई, तिकडं घरोघरी बर्फ असते." तू म्हणालीस, "असन बाप्पा."

म्हणजे तुला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. त्या क्षणी मला तुझे पाय धरता आले असते, तू वयाने लहान असलीस तरी. निदान सुमनसमोर सांगता आलं असतं. मी म्हटलं, "उद्या येते." उद्या आलेही. तू झोपलेली होतीस. त्यानंतर तुला घरी नेलं, आणि मग फोन आला.

मी अजून तुझा मत्सर करते. तू गेलीस म्हणून तो जाईल असं वाटलं होतं. तेरवीच्या पंगतीत बसून मी तो करत होते, आणि हे लिहिताना करते आहे. तुला मागितल्याशिवाय मिळालं ते सगळं मी मोजून मिळवायला गेले. पण तू चार चार दिवस माझ्या घरी येऊन राहत असस, ते का? करंडी पाठवून मोकळी होऊ शकली असतीस. त्या दुपारच्या दोन वाट्या मोरीत ओतताना तू हसली नव्हतीस, घाबरली होतीस, माझ्यासाठी. हे मला कालच्या गाडीत, अचलपूर मागे पडल्यावर, आठवलं. तेव्हा दिसलं होतं, पण पाहिलं नव्हतं.

आता मुलांनो, तुमच्याशी.

मिलिंद, तुझ्या पुस्तकात नाव असं छाप: अनसूयाबाई, मुक्काम परतवाडा, बेरार. माझं नाव कुठेही नको. तिला मदत केली असंही नको, मी तबक नेलं. कसं सुचलं त्याच्या चार ओळी हव्यात तर या घे: ही बाई संत्र्यांच्या मळ्यात राहत होती, तिने दारू कधी तोंडात घेतली नाही, तिने हे नैवेद्यासारखं न चाखता, वासावर केलं, आणि तिच्या थोरल्या जावेने ते आपलं म्हणून सांगितलं. चौथी ओळ गाळायची नाही. तुला संकोच वाटला तर माझ्या सहीचं हे पत्र दाखव.

कृतीत दुरुस्ती: संत्री दोन. दुसरं वर सांगितलंय तसं. कोणतं ते कसं ओळखायचं, हे मी तुला लिहून देऊ शकत नाही. सुमनमावशीला पत्र घाल, तिला वाचता-लिहिता येतं. तिच्या आईने मुलीला शाळेत घातलं होतं.

परतवाड्याहून निघताना मृगाच्या बहाराची शेवटची तोड चालू होती. सुमनने माझ्यासाठी करंडी भरली. एकेक फळ नाकाशी नेत होती, काही बाजूला ठेवत होती. मी विचारलं, कोणी शिकवलं? ती म्हणाली, "शिकवलं नाई कोनी. आई करे तसं." मी त्यातलं एक इथे घरी सोललं, साल पिळली. ते बरोबर नव्हतं, चांगलं होतं.

अनसूयेची रीत सुमनकडे आहे. मला ती येत नाही.

तुमची आजी